अर्धा शुक्रवार

साखरेच्या इतिहासावरच्या एका व्याख्यानात वक्त्यांनी पडद्यावर एक जुने चित्र दाखवले आणि क्षणभर थांबून ते पुढच्या आलेखाकडे वळले. चित्र १८३७ सालचे, जमैकातल्या एका सुधारगृहाच्या आतले होते. एक भलेमोठे लाकडी चाक, त्याच्या परिघावर पायऱ्या, वर एक आडवी तुळई आणि त्या तुळईला मनगटे बांधलेली माणसे. काहींची पावले फिरत्या पायऱ्यांशी कशीबशी जुळलेली होती. ज्यांची निसटली होती ती नुसत्या मनगटांवर लोंबकळत होती. शेजारी चाबूक घेतलेला एक माणूस उभा होता. “गुलामगिरीतील अत्याचार,” एवढेच वक्ते म्हणाले. माझ्या शेजारी बसलेल्या एक वयस्कर बाई मात्र पडद्यावरून नजर न काढता पुटपुटल्या, “ह्यात बायकाही आहेत हो. ह्यांनी केलं तरी काय होतं?”

त्या प्रश्नाने पुढे कित्येक दिवस माझा पिच्छा सोडला नाही.

पिच्छा न सोडण्याचे मुख्य कारण त्या चित्राचे साल हे होते. जमैकासह ब्रिटिशांच्या वेस्ट इंडीज वसाहतींतली गुलामगिरी १ ऑगस्ट १८३४ रोजी कायद्याने संपली होती. मालकांना नुकसानभरपाई म्हणून २ कोटी पौंड मंजूर झाले होते, आणि ज्यांचे आयुष्य राबण्यात गेले त्यांच्या हातावर एक पैसाही ठेवला गेला नव्हता. तरीही तीन वर्षांनंतर या बायका त्या चाकावर कशा होत्या? याचे उत्तर ‘उमेदवारी’ नावाच्या व्यवस्थेत आहे. गुलामांना स्वातंत्र्य एकदम पेलणार नाही, असे ठरवून कायद्याने त्यांना आणखी काही वर्षे जुन्याच मालकाकडे बांधून ठेवले होते. शेतावरच्यांची मुदत १८४० पर्यंत होती, घरकाम करणाऱ्यांची आणि इतरांची १८३८ पर्यंत. जमैकात शेतावरच्यांनी आठवड्याला साडेचाळीस तास विनामोबदला काम करायचे आणि उरलेला वेळ स्वतःचा मानायचा, असा तो करार होता. मात्र तो ज्यांच्यावर लादला गेला त्यांना कोणी काही विचारले नव्हते. एकट्या जमैकात अशी सुमारे तीन लाख माणसे होती.

माझे बालपण पंचगंगेकाठच्या ऊसपट्ट्यात गेले. उसाच्या पानाची कड दंडाला चिरून जाते, सुरुवातीला काही कळत नाही आणि घाम आला की ती चीर जळजळू लागते, हे मला ठाऊक आहे. गुऱ्हाळाच्या काहिलीतून येणारा वास लांबून हवाहवासा वाटतो आणि चुलवाणाजवळ उभे राहिले की तोच वास घशात बसतो, हेही ठाऊक आहे. एवढी तुटपुंजी ओळख घेऊन मी जमैकाबद्दल वाचायला बसले आणि ती लगेच अपुरी पडली. तिथे ऊस लावायची जमीन नांगराने क्वचितच फोडली जाई. शेतात चौकोन आखून एकेक खड्डा कुदळीने खणायचा, आणि हे काम ‘पहिल्या टोळीने’ करायचे, म्हणजे मळ्यातल्या सर्वांत धडधाकट स्त्री-पुरुषांनी. गुलामगिरीच्या शेवटच्या दशकांत या टोळ्यांमध्ये पुरुषांपेक्षा बायका अधिक असत. कारण उघड होते. सुतार, पिंपे बनवणारे, रस कढवणारे, मुकादम ही सगळी हुन्नराची कामे पुरुषांना दिली जात आणि बायकांच्या वाट्याला कुदळ राही. हंगामात चरक रात्रीही चाले. पेंगुळल्या डोळ्यांनी ऊस सारताना बोटे रुळांत सापडली तर हात तोडून माणूस वाचवता यावा म्हणून चरकाजवळ कुऱ्हाड ठेवलेली असे. ती कुऱ्हाड तिथे रोजच्या रोज असणार, आणि ऊस सारणाऱ्या बाईला ती रोज दिसणार, हा विचार मला अजूनही नीट करता येत नाही.

मळ्यांवर जन्मापेक्षा मृत्यू अधिक होत. १८०७ मध्ये आफ्रिकेतून माणसे आणण्याचा व्यापार ब्रिटिश कायद्याने बंद झाला आणि मळेवाल्यांना बायकांच्या गर्भाशयांची फार काळजी वाटू लागली. सहा मुले जगवणाऱ्या आईला जड कामातून सूट देण्याची पद्धत होती, तिला आता वजन आले. तान्ह्या मुलाच्या आईने सकाळी उशिरा शेतावर यावे आणि तिचे मूल एखाद्या वृद्धेने बांधावर सांभाळावे, अशा सवलती रुळल्या. मालकांच्या लेखी ही मेहेरबानी होती. बायकांनी मात्र ती कधीच मेहेरबानी मानली नसावी, असे मला वाटते. भांडून, आजारी पडून, कधी कामात दिरंगाई करून आणि कधी तोंडाला तोंड देऊन त्यांनी तो वेळ मिळवला होता, आणि एकदा मिळवलेली वेळ म्हणजे हक्क, असेच त्या समजत होत्या. पुढचा सगळा झगडा इथूनच सुरू होतो.

जमैकातल्या स्त्रियांच्या लढ्याचे नाव काढले की पहिल्यांदा नॅनीची आठवण निघते आणि ती योग्यच आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्लू माउंटनच्या दाट रानात मळ्यांवरून पळालेल्या, ‘मरून’ (Maroon) म्हटल्या जाणाऱ्या लोकांच्या वस्तीचे नेतृत्व तिने केले, ब्रिटिश फौजांना वर्षानुवर्षे दाद दिली नाही, आणि अखेर १७४० मध्ये सरकारला तिच्या आणि तिच्या लोकांच्या नावे ५०० एकर जमीन लिहून द्यावी लागली. आज ती जमैकाच्या ५०० डॉलरच्या नोटेवर आहे. मला तिच्याविषयी अपार आदर आहे. तरीही वाचता वाचता माझे मन डोंगरावरच्या नॅनीपेक्षा खालच्या उसात राहिलेल्या बायकांकडे ओढले जात होते. कडेवर एक, पाठीला बांधलेले एक आणि पायात घोटाळणारे एक अशी मुले घेऊन रान गाठणे हे फार थोड्यांना शक्य होते. बाकीच्यांना जिथे होत्या तिथेच, रोज त्याच मुकादमासमोर उभे राहून लढायचे होते.

न्यायालयाची वाट धरलेल्या दोघींच्या कहाण्या मी जवळजवळ एकामागून एक वाचल्या. पहिली अँटिग्वा या कॅरिबियन बेटावरची ग्रेस. मालकिणीबरोबर ती १८२२ मध्ये इंग्लंडला गेली आणि पुढच्या वर्षी परतली. इंग्लंडच्या भूमीवर गुलामगिरी चालत नाही, मग तिथे वर्षभर राहिलेली ग्रेस मुक्त झाली की नाही, हा खटला उभा राहिला. १८२७ मध्ये न्यायमूर्ती लॉर्ड स्टोवेल यांनी निकाल दिला की, इंग्लंडमध्ये असेपर्यंत तिच्यावर मालकी चालत नव्हती, पण अँटिग्वाच्या किनाऱ्याला पाय लागताच ती पुन्हा गुलाम झाली. दुसरी मेरी प्रिन्स. बर्म्युडात जन्मलेली, लहानपणीच आईसमोर लिलावात विकली गेलेली, मिठागरांच्या पाण्यात उभी राहून पायांना फोड आलेली, आणि पुढे अँटिग्वाला नेलेली. लोकांचे कपडे धुऊन आणि जहाजांवरच्या लोकांना कॉफी, सुरण असे काहीबाही विकून तिने स्वतःला विकत घेण्यापुरते पैसे जमवायचा प्रयत्न केला. मालकाने तिला विकायलाच नकार दिला. १८२६ मध्ये तिने डॅनियल जेम्स नावाच्या एका मुक्त सुताराशी लग्न केले, तर त्यासाठीही तिने मार खाल्ला. १८२८ मध्ये मालक कुटुंबाने तिला लंडनला नेले, आणि सांधे धरलेले असताना ढीगभर कपडे धुवायला लावल्यावर ती त्या घरातून बाहेर पडली आणि गुलामगिरीविरोधी संस्थेच्या दारात जाऊन उभी राहिली.

आता ग्रेसच्या निकालाचा अर्थ मेरीच्या आयुष्यात काय होतो ते पाहावे. लंडनमध्ये ती मुक्त होती. नवरा अँटिग्वात होता. त्याच्याकडे जायचे तर गुलामगिरी पुन्हा अंगावर घ्यायची, आणि मुक्त राहायचे तर नवरा सोडायचा. १८२९ मध्ये तिच्या वतीने ब्रिटिश संसदेत अर्ज दाखल झाला, आणि त्यात मागणे एवढेच होते की, मला मुक्त बाई म्हणून माझ्या माणसाकडे परत जाऊ द्या. मालकाने मुक्तिपत्र लिहून द्यायला शेवटपर्यंत नकार दिला. तिने सांगितलेली आपबीती सुझॅना स्ट्रिकलंड या तरुणीने लिहून घेतली आणि ती १८३१ मध्ये छापली गेली. त्या छापील कहाणीवरून झालेल्या खटल्यांत, १८३३ मध्ये, मेरी साक्षीला उभी राहिली. त्यानंतर तिचा माग लागत नाही. मी डॅनियल जेम्सचा फार विचार करते. बायको परत येईल म्हणून त्याने किती दिवस वाट पाहिली असेल, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

मेरी बोलली आणि तिचे बोलणे कागदावर उतरले. जमैकाच्या शेतांतल्या बहुतेक बायकांचे बोलणे मात्र गुन्हा म्हणूनच कागदावर उतरले आहे.

उमेदवारीच्या काळात मालक आणि मजूर यांच्यातले तंटे सोडवायला इंग्लंडहून पगारी दंडाधिकारी नेमले गेले. कोणत्या मजुराला कशासाठी आणि काय शिक्षा झाली याच्या त्यांच्या नोंदी आणि अहवाल आज उपलब्ध आहेत, आणि शेजारच्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर त्यांत पानोपानी आहे. शेतावर उशिरा आली. पोराला पाजायला बसली. पाऊस आला म्हणून काम टाकून झाडाखाली गेली. उद्धटपणे बोलली. टोळीतल्या इतरांना काम करू नका म्हणाली. हे त्यांचे गुन्हे. ‘उद्धटपणा’ हा आरोप बायकांवर इतक्या वेळा येतो की, मी तो शब्द दिसला की थांबून ओळ पुन्हा वाचू लागले, कारण त्या एका शब्दामागे त्या बाईने उच्चारलेले एखादे संपूर्ण, मुद्देसूद वाक्य असणार, आणि ते ऐकून घेणाऱ्याने त्यातले काहीही लिहून घेतलेले नाही.

त्या काय बोलल्या असतील याचा अंदाज मात्र बांधता येतो, कारण तंटे कशावरून झाले ते स्पष्ट आहे. कायदा लागू होताच मळेवाल्यांनी जुन्या सवलती एकेक करून काढून घेतल्या. शेतावर पाणी आणणारी, टोळीचे जेवण रांधणारी आणि बांधावर तान्ही सांभाळणारी अशा सगळ्या वृद्धांना पुन्हा कुदळ धरायला पाठवले. सहा मुलांच्या आयांनाही टोळीत परत बोलावले. आणि मग शुक्रवारचा प्रश्न आला. साडेचाळीस तास भरायचे दोन मार्ग होते. रोज नऊ तास काम केले तर ते साडेचार दिवसांत भरत आणि शुक्रवारचा उत्तरार्ध मोकळा मिळे. रोज आठ तास केले तर पाचही दिवस मळ्यावरच जात. हिशेब कागदावर जवळपास सारखाच होता, पण बायकांच्या लेखी त्यात जमीन-अस्मानाचा फरक होता. त्यांचे पोट मळ्याच्या शिध्यावर भरत नव्हते. ते डोंगरउतारावरच्या आपापल्या तुकड्यांवर भरत होते, जिथे त्या सुरण, केळी आणि कसावा पिकवत आणि उरलेले डोक्यावर घेऊन बाजारात विकत. ते तुकडे कित्येकदा मैलोगणती लांब असत. रोज एक तास लवकर सुटून तिथे जाता येत नाही. सलग अर्धा दिवस लागतो. मळेवाल्यांना हे पुरते ठाऊक होते आणि म्हणूनच अनेकांनी आठ तासांची पद्धत धरली. तो अर्धा शुक्रवार गेला म्हणजे पीक गेले, बाजार गेला, मुलांचे जेवण गेले आणि स्वतःला मुदतीआधी विकत घेण्यासाठी बाजूला पडणारे चार पैसेही गेले. त्यासाठी बायका टोळीच्या टोळी कुदळी खाली ठेवून बसल्या, मैलोन् मैल चालत दंडाधिकाऱ्याकडे गेल्या, आणि कामावरून गेल्या म्हणून पुन्हा शिक्षेला पात्र ठरल्या. १ ऑगस्ट १८३४ हाही शुक्रवारच होता.

मुलांचा प्रश्न याहून नाजूक होता आणि तिथे त्यांनी जे केले ते मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत मोठे कृत्य वाटते. १ ऑगस्ट १८३४ रोजी ज्यांचे वय सहा वर्षांपेक्षा कमी होते ती मुले कायद्याने तत्काळ मुक्त झाली होती. त्याच कायद्यात अशीही तरतूद होती की, आईला पोसणे जमत नसेल तर मूल मळ्याकडे उमेदवार म्हणून बांधून द्यावे, म्हणजे ते वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत तिथे राबेल. मळेवाल्यांची सारी भिस्त या तरतुदीवर होती. औषध मिळणार नाही, शिधा मिळणार नाही, मूल सांभाळायला वेळ मिळणार नाही, अशी कोंडी केली की आया आपोआप शरण येतील असा त्यांचा कयास होता. आया शरण आल्या नाहीत. साऱ्या जमैका बेटावर मूल बांधून देणाऱ्या आया बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या. याची कुठे सभा झाली नव्हती, ठराव झाला नव्हता, पुढारी नव्हता. आठवडाभर दुसऱ्याच्या शेतात फुकट राबून, तापाने फणफणलेले मूल घरी ठेवून, हजारो बायकांनी आपापल्या खोपटात एकच उत्तर दिले. यातली काही मुले औषधावाचून दगावली असतील, हे मला नजरेआड करता येत नाही. त्या आयांनाही तो धोका दिसत असणारच. मुलाला मळ्याच्या स्वाधीन करून जगवायचे की मुक्त ठेवून त्याच्या जिवाची जोखीम घ्यायची, अशी निवड कोणत्याही आईवर येऊ नये. ती आली, आणि त्यांनी ती केली.

आता त्या चाकाविषयी. १८३३ च्या मुक्तिकायद्याने उमेदवारीच्या काळात स्त्रियांना फटके मारण्यास मनाई केली होती आणि इंग्लंडमधल्या सहृदय लोकांना त्याचे फार समाधान होते. फटक्यांच्या जागी पायचक्की, म्हणजे ते चाक, आली. ती इंग्लंडच्या तुरुंगांसाठी १८१८ मध्ये तयार झालेली, नियमबद्ध आणि सुधारक शिक्षा मानली जात होती. जमैकातली सुधारगृहे मात्र स्थानिक मळेवाल्यांच्या मुठीत होती. तिथे चाक असे चढवले होते की, पाय निसटला की सारा भार बांधलेल्या मनगटांवर येई आणि पायऱ्यांच्या कडा नडग्या सोलून काढत. ज्या चाबकाला कायद्याने दरवाजातून बाहेर काढले होते तो चाकाशेजारी उभ्या मुकादमाच्या हातात होताच. सेंट अ‍ॅन परगण्यातल्या एका पिमेंटोच्या मळ्यावरचा जेम्स विल्यम्स नावाचा जेमतेम अठरा वर्षांचा मुलगा १८३७ मध्ये गुलामगिरीविरोधी कार्यकर्ते जोसेफ स्टर्ज यांनी पैसे भरून मुक्त केल्यावर लंडनला आला आणि त्याने हे सगळे सांगितले. त्याने स्वतःला झालेल्या शिक्षांइतकेच बायकांच्या शिक्षांबद्दल सांगितले. गरोदर बायका चाकावर होत्या, अंगावर पाजणाऱ्या होत्या, बेड्यांत जोडून रस्त्यावर खडी फोडायला नेलेल्याही होत्या. मळेवाल्यांनी त्याला खोटारडा ठरवले तेव्हा सरकारने सेंट अ‍ॅनमध्येच चौकशी बसवली. शंभराहून अधिक साक्षीदार पुढे आले आणि त्याचे म्हणणे मोठ्या प्रमाणात खरे निघाले.

त्या साक्षीदारांमध्ये बायकाही होत्या, आणि मला त्यांचे धैर्य सहज समजून घेता येत नाही. चौकशी संपली की त्यांना त्याच मळ्यावर, त्याच मुकादमाकडे परतायचे होते. तरीही त्या येऊन उभ्या राहिल्या, घटना सांगितल्या, नावे घेतली. ज्या बोलण्याला रोज उद्धटपणा म्हटले जात होते तेच बोलणे इथे पहिल्यांदा पुरावा म्हणून लिहून घेतले गेले. या चौकशीने इंग्लंडमध्ये जो गदारोळ उठला त्यातून उमेदवारीचा अंत जवळ आला, आणि १ ऑगस्ट १८३८ रोजी जमैकातल्या सर्वांना पूर्ण मुक्ती मिळाली. आदल्या रात्री फाल्मथमध्ये बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम निब यांच्या मंडळीने साखळी, चाबूक आणि लोखंडी गळपट्टा शवपेटीत घालून पुरला. तो प्रसंग पुष्कळ सांगितला जातो. मला त्याच्या पुढचे आठवडे अधिक महत्त्वाचे वाटतात.

कारण खोपटी आणि डोंगरउतारावरचे तुकडे अजून मालकांच्याच नावावर होते. मजुरांनी कमी मजुरीत कामावर यावे म्हणून मळेवाल्यांनी भाडे लावले, आणि तेही घराचे लावण्याऐवजी अनेक ठिकाणी माणशी लावले, नवऱ्याचे वेगळे, बायकोचे वेगळे, मुलांचेही वेगळे. हा सगळा खटाटोप मुख्यतः बायकांना उसात परत ओढण्यासाठी होता. त्यावर शेकडो कुटुंबे मळे सोडून निघाली. मिशनऱ्यांच्या मदतीने डोंगरात जमिनी घेऊन स्लिगोव्हिल, स्टर्जटाउन अशी मुक्त गावे वसली. काही अभ्यासक म्हणतात की, या बायकांनी इंग्रजी पद्धतीची गृहिणी होणे पसंत केले. मला ते पटत नाही. त्यांनी काम सोडले नव्हते, मालक सोडला होता. स्वतःच्या जमिनीत त्या राबत होत्या, बाजार चालवत होत्या आणि मुलांना शाळेत पाठवत होत्या.

या रिकाम्या झालेल्या उसातच आपल्या माणसांची गोष्ट सुरू होते, आणि ती मला अस्वस्थ करते. मॉरिशसमध्ये गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजी संपली, उमेदवारी १८३९ मध्ये संपली, आणि तिथेही मुक्त झालेल्या स्त्री-पुरुषांनी मळ्यांकडे पाठ फिरवली. तोवर भारतातून गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले, मजूर आणणे सुरू झाले होते. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडची मराठी कुटुंबे होती. त्यांचे वंशज आजही तिथे मराठीपण जपून आहेत आणि गणपती बसवतात. जमैकातही १८४५ मध्ये भारतीय मजुरांचे पहिले जहाज लागले. दुष्काळाने आणि कर्जाने गांजलेल्या त्या माणसांना बोल लावण्याचा मला अधिकार नाही. पण त्यांना कशासाठी आणले होते ते लपवण्यातही अर्थ नाही. ज्या बायकांनी मजुरीचा भाव ठरवण्याची ताकद कमावली होती, त्यांची ती ताकद मोडण्यासाठीच आणले होते. कोकणातल्या एखाद्या बाईने मॉरिशसच्या ज्या सरीत पहिल्यांदा पाऊल ठेवले असेल ती सरी तिच्याआधी कोणी सोडली आणि का सोडली, हे तिला कोणी सांगितले नसणार.

१८४२ मध्ये ब्रिटिश संसदेची एक समिती वेस्ट इंडीजच्या वसाहतींची चौकशी करायला बसली. तिच्यापुढे साखरेच्या धंद्याचे दुःख सांगताना एक तक्रार पुन्हा पुन्हा आली की, बायका पूर्वीसारख्या शेतावर येत नाहीत. आल्याच तर आपल्या सोयीने येतात. ती तक्रार वाचताना मला मनापासून आनंद झाला, आणि तो लपवण्याची गरज मला वाटत नाही. हंगामात पैशांची निकड असली की त्यांतल्या काही ऊस तोडायला परत येत. दर आधी ठरवून घेत, आणि दर पटला नाही तर सुरणाची टोपली डोक्यावर चढवून बाजाराच्या रस्त्याला लागत.